थोरलीचा दाखला

कांदा तयार होऊन पातीच्या माना पडल्या होत्या आणि रोज दुपारी पश्चिमेला ढग जमायला लागले होते, त्याच आठवड्यात नात रजा काढून शहरातून आली. मान पडल्यावर कांदा जमिनीत ठेवून उपयोग नसतो. वरून पाऊस झाला की तो आतून सडतो, आणि सडका कांदा एकटा सडत नाही, शेजाऱ्यालाही घेऊन जातो. मजुरीला पुरेशी माणसं मिळत नव्हती. सगळ्यांच्याच शेतात माना पडल्या होत्या. म्हणून सहासष्टाव्या वर्षी मीही वाफ्यात वाकले होते. उजवा गुडघा दुखायला लागला की डाव्यावर बसायचं, डावा दुखायला लागला की उभं राहून घाम पुसायचा, असं चाललं होतं.

नात बांधावरून आली ती काखेत कागदाची भली मोठी गुंडाळी घेऊन.

"आजी, तुझं लग्न कधी झालं?"

"कांदे काढताना असं विचारतात का कोणी?"

"मग कधी विचारतात?"

"कांदे विकल्यावर."

ओळीतल्या बायका हसल्या. नातीने गुंडाळी बांधावर पसरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. ती शहरात नकाशे छापायच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे रेघा अशा सरळ की बघत राहावं. खाली तिचा स्वतःचा चौकोन, त्याच्या वर तिचे आईबाप, त्यांच्या वर आम्ही, आणि आमच्याही वर रिकामे चौकोन, पार कागदाच्या टोकापर्यंत.

"आपल्या घराण्याचा तक्ता करतेय," ती म्हणाली. "पण तोंडी काही धरायचं नाही. प्रत्येक चौकोनाला कागद पाहिजे. जन्माचा, लग्नाचा, मृत्यूचा दाखला. कचेरीत अर्ज केला की मिळतात."

मी हात झटकून जवळ गेले. मी वाचायला शिकले चोपन्नाव्या वर्षी, शाळेच्या ओसरीवर दुपारचा बायकांचा वर्ग भरायचा तिथे. त्यामुळे माझा चौकोन मला वाचता आला. 'आजी' असं लिहिलं होतं आणि तिथून एक रेघ खाली माझ्या मुलाकडे, म्हणजे तिच्या बापाकडे गेली होती. ती रेघ मी बराच वेळ बघितली. मातीचं बोट लागू नये म्हणून हात पाठीमागे धरला होता.

ती रेघ खरी नव्हती.

माझ्या मुलाला मी जन्म दिला नाही. यांच्या पहिल्या बायकोने दिला. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी होतो, नदीच्या पलीकडे. मूल पाच महिन्यांचं असताना ती काविळीने गेली. पुढे सहा महिन्यांनी माझ्या बापाने मला या घरात दिलं. "बिजवराला मुलगी देतोय, कागद झालाच पाहिजे," असं म्हणून त्याने लग्नाची नोंद मात्र कचेरीत जाऊन करवली. मी आले तेव्हा पोर अकरा महिन्यांचं होतं आणि अंगणात बसून माती खात होतं. मी त्याच्या तोंडात बोट घालून माती काढली. ते मला कडकडून चावलं. तिथून मी त्याची आई.

माझ्या पोटी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. पुन्हा काही राहिलं नाही.

सासू तिला थोरली म्हणायची. थोरलीचा हात हलका, थोरलीचा आवाज गोड, थोरली असती तर. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं, झिंज्या उपटता येतात. मेलेलीचं काय उपटणार? ती कधी चुकत नाही, कधी करपवत नाही, कधी उलटून बोलत नाही. थोरली कांद्याची पात गुंफून लांबलचक वेणी करायची आणि वेण्या आढ्याला टांगायची. हे एकदा म्हणाले, "तिची वेणी कधी सुटत नसे." बस्स. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कांद्याची वेणी घातली नाही. मी विळ्याने पात कापते, बोटभर देठ ठेवून. पंचेचाळीस वर्षं कापतेच आहे.

पोर तीन वर्षांचं झालं तेव्हा आम्ही इकडे राहायला आलो. इथे कोणाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त आमच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बोळकीला. ती आमच्याच मागोमाग पोट भरायला इकडे आली. तेव्हा तिला दात होते. थोरलीबरोबर तिने एका ओळीत कांदे काढले होते. पण बोळकी कधी बोलली नाही. नातीला तर कोणीच सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी मी तिची आजी, आणि माझ्याआधी या घरात कोणी नव्हतं.

"उद्या कचेरीत जाते," नात म्हणाली.

"मीही येते."

मुलगा गोण्या झटकत होता. तो वळला. "आई, निम्मं शेत पडलंय. आभाळ बघ."

"एक दिवस माझ्या कंबरेला सुट्टी दे," मी म्हणाले.

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला आणि मग पुन्हा गोण्या झटकायला लागला.

कचेरीत बाकं होती, पण त्यांवर माणसांपेक्षा गठ्ठे जास्त बसले होते. कारकुनाच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. नातीने तीन अर्ज भरले. एक बापाच्या जन्माच्या दाखल्याचा, एक आमच्या लग्नाच्या दाखल्याचा, आणि एक माझ्या सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्याचा.

"साल नक्की माहीत आहे?" कारकुनाने विचारलं. "साल चुकलं तर मी जन्मभर शोधत बसेन. मग माझाच दाखला काढावा लागेल."

नात हसली. मला हसू आलं नाही. त्याच कचेरीत, त्याच दाराने, चाळीस वर्षांपूर्वी मी आले होते. पोर सहा वर्षांचं झालं होतं आणि शाळेत जन्माचा दाखला मागितला होता. दाखला नव्हताच, कारण जन्माची नोंदच कोणी केली नव्हती. मागाहून नोंद करायला हे, मी आणि पोर असे तिघं आलो. तेव्हाच्या कारकुनाने बापाचं नाव विचारलं, यांनी सांगितलं. मग त्याने मान वर न करता विचारलं, "आईचं नाव?"

यांनी तोंड उघडलं. मी त्याआधी माझं नाव सांगितलं.

कारकुनाने लिहिलं. यांनी तोंड मिटलं. मी अंगठा उठवला. बोटाची शाई पोराच्या सदऱ्याला लागली म्हणून बाहेर येऊन मी त्यालाच ओरडले. घरी आल्यावर यांनी बैलाला पाणी पाजलं, आणि त्या विषयावर पुढे कधीही बोलणं झालं नाही.

"दाखले पोस्टाने येतील," कारकून आता म्हणाला. "आठवडाभरात."

परतीच्या गाडीत नात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी हिशेब करत होते. सासऱ्यांच्या दाखल्यात काही नाही. जन्माच्या दाखल्यात माझंच नाव आहे. थोरलीच्या मृत्यूचा दाखला कोणी मागितलेलाच नाही, कोणाला माहीत नाही तर मागणार कोण? मला वाटलं, निभावलं. चक्क आनंद झाला. पोरीच्या केसांना कचेरीची धूळ लागली होती ती मी फुंकून काढली.

तारखांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. उशिरा शिकलेल्या माणसाचं असंच होतं. नाव वाचता आलं की त्याला वाटतं, सगळा कागद वाचला.

सहाव्या दिवशी टपालवाला सायकल बांधावर टेकवून थेट वाफ्यात आला. आम्ही उपटलेला कांदा पातीखाली झाकत होतो. नातीने विळ्याच्या टोकाने पाकिटं फोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचायला लागली.

"ऐक हं आजी. बाबांचा जन्म. वडिलांचं नाव, आजोबांचं. आईचं नाव..." आणि तिने माझं नाव वाचलं.

ते नाव त्या जागी कोणी मोठ्याने वाचलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी वाफ्यातच खाली बसले. मनात म्हटलं, ऐकतेस का गं थोरले? सरकारचा शिक्का आहे.

तेवढ्यात नातीने दुसरं पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा पहिलं बघितलं. मग बोटं मोजायला लागली.

"आजी, तुमच्या लग्नात बाबा अकरा महिन्यांचे होते?"

सगळ्या ओळीतले हात थांबले. बांधावर परतलेल्या टपालवाल्याचा एक पाय सायकलवर होता, तो तसाच राहिला.

"कारकुनाची चूक असेल," नातच घाईने म्हणाली. "मी उद्या जाऊन मूळ वही काढायला लावते. आजूबाजूच्या सगळ्या नोंदी तपासते. चूक असेल तर दुरुस्त होते."

मूळ वही. आजूबाजूच्या नोंदी. नदीपलीकडच्या गावांच्या नोंदीही त्याच कचेरीत होत्या. त्या वह्यांत थोरली होती.

"चूक नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तसंच आहे. आधी तुझा बाप झाला, मग लग्न झालं. आता काय शेतात उभी राहून दवंडी पिटतेस?"

नातीने दाखले खाली टाकले आणि मातीच्या हातांसकट मला मिठी मारली. "आजी! तू तर मोठीच धीट निघालीस गं! त्या काळात? आणि एवढं निभावलंस?"

तिच्या खांद्यावरून मला बोळकी दिसली. तिने फक्त कांद्याची माती झटकली, चांगली दोनदा झटकली, आणि टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ओळीत मजाच मजा सुरू झाली. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान बायका, पण तोंडाला कुलूप नाही.

"आमच्याकडे बाई आधी वरात, मग पाळणा. काही घरी म्हणे पाळणाच पुढे पळाला!"

"पळणारच. बाप रांगत आला असेल मागणी घालायला."

"हळू गं, मालकीण ऐकेल."

"ऐकू दे. तिच्याकडूनच तर शिकायचंय."

मी वाकून कांदे उपटत राहिले. त्रेचाळीस वर्षं या शेतात मी मान खाली घालून चालले नव्हते. ज्या बाईला मी एकदा पदर सावरून बसायला शिकवलं होतं, तिने मला डोळा मारला. कानशिलं तापली होती, पण ऊन आहे असं मी स्वतःला सांगत होते. एकदाच मनात आलं की ओरडून सांगावं. लगेच दुसरं मनात आलं, मग पोरगी विचारेल, ती कशी होती? कशी दिसायची? मी तिच्यासारखी दिसते का? आणि मी काय सांगू? सासू सांगायची तीच जिवणी, तीच हनुवटी पोरीच्या तोंडावर बघते मी. माझं तिच्या तोंडावर काहीच नाही. त्यापेक्षा हसू देत.

दुपारी भाकरी खाताना बोळकी शेजारी येऊन बसली. ती भाकरी पाण्यात भिजवून खाते.

"स्वतःच्या अब्रूचं पोतं फाडलंस," ती म्हणाली, "आणि कशासाठी? मेलेल्या माणसाला जागा किती लागते गं? कागदावर चार बोटं."

"तुला काय जातंय सांगायला."

"माझं काय जाणार? माझे दात गेले, आता जायला काही नाही."

मी उठून गेले.

खरा घाव त्या संध्याकाळी बसला. हे कांदाचाळीच्या दारात बसून कांदा निवडत होते. यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण बोटांना सगळं दिसतं. मऊ कांदा एका अंगाला, जोड कांदा दुसऱ्या अंगाला, बरोबर पडतो. नात जवळ जाऊन बसली. मी आत गोणी शिवत होते. दाभण थांबवून ऐकलं.

"आजोबा, रागावू नका. मला फक्त तक्ता खरा करायचाय. बाबा... तुमचेच ना?"

यांच्या हातात कांदा होता, तो हातातच राहिला.

"म्हणजे लग्नाआधीचं म्हणून विचारते. शाळेसाठी मागाहून नोंद झालीय, तेव्हा तुमचं नाव नुसतं लावलं असेल, असंही असू शकतं ना? तुम्ही मोठ्या मनाने लावलं असेल. मला त्याचं काही वाटत नाही, उलट—"

यांनी दाराकडे मान वळवली. मी दिसत नव्हते यांना, पण मी कुठे बसले आहे हे यांना ठाऊक होतं. यांनी वाट बघितली. मी बोलायला हवं होतं. सुतळी दाताखाली धरून मी बसून राहिले.

हे उठले, हाताने भिंत चाचपत घरात गेले आणि जेवायला नको म्हणाले.

सकाळी तक्ता खाटेवर पसरलेला होता. यांच्या चौकोनातून मुलाकडे जाणारी रेघ नातीने खोडून तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. माझी रेघ शाबूत होती, उलट ती जाड केली होती. हे कागदावर अगदी नाक टेकवून ती बघत होते. यांना वाचता येतं, पण फार जवळून.

"अहो, चहा झालाय," मी म्हणाले.

"त्या दिवशी कारकुनासमोर मी गप्प बसलो," हे कागदावरून मान न उचलता म्हणाले. "तुझ्यासाठी बसलो. तीही माझी बायको होती. तिला मी पुसलं, तुझ्यासाठी. आता तू मलाच पुसतेस?"

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा अंगात दुसरंच शिरलं. तीही माझी बायको होती. पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य यांनी माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं. इतकी वर्षं ते कुठे ठेवलं होतं यांनी? रोज माझ्या ताटाला ताट लावून जेवताना कुठे होतं ते?

चहा तिथेच ठेवून मी शेतात गेले.

मुलगा कांद्याच्या ढिगावर ताडपत्री बांधत होता. दोरी ओढताना त्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. मी दुसरं टोक धरलं.

"तुझ्या लेकीने तुझ्या बापाला खोडलंय," मी म्हणाले.

"बघितलं मी." त्याने गाठ मारली. "आई, पोरगी परवा जाणार. तू सांगून टाक."

"काय सांगू?"

"मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे."

माझ्या हातातली दोरी सुटली. वाऱ्याने ताडपत्री फडफडली आणि त्याने धावत जाऊन तिच्यावर दगड ठेवला.

"कोणी सांगितलं?"

"आजीने. मी तुझ्याशी भांडून जेवलो नव्हतो तेव्हा. ती म्हणाली, तुझी खरी आई असती तर तुला असं उपाशी ठेवलं नसतं."

"आणि तू मला कधी बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? त्यानंतर जाऊन तुझ्याच हातचं जेवलो ना."

छत्तीस वर्षं मी दाराला आतून टेकून उभी होते. हा कधीचाच खिडकीतून आत येऊन बसला होता. मला रडू यायला हवं होतं, पण माझ्या तोंडून दुसरंच गेलं.

"तिची आठवण यायची तुला?"

"आठवण कशी येणार? पाच महिन्यांचा होतो."

"विचार तरी यायचा का?"

तो खोटं बोलत नाही. लहानपणीही बोलायचा नाही, त्यामुळे मार जास्त खायचा. "यायचा," तो म्हणाला. "कधी कधी. तिचं तोंड कसं असेल म्हणून. तुला वाईट वाटायला नको म्हणून बोललो नाही. आई, आता दोरी धर. नाहीतर मी सांगतो तिला."

"नाही. मी सांगेन."

पण सांगायला तोंड उघडलं की भलतंच बाहेर यायचं. संध्याकाळी नातीच्या केसांना तेल लावताना तीन वेळा सुरुवात केली. एकदा कांद्यावर गेले, एकदा पावसावर, एकदा तिच्या वाढलेल्या नखांवर. थोरलीचं नाव मी आजवर उच्चारलं नव्हतं आणि ते ओठांतून बाहेर यायला तयार नव्हतं. तेव्हा ठरवलं. पोरगी म्हणते ना, तोंडी काही धरायचं नाही? मग कागदच आणून देऊ. माझ्याऐवजी तोच सांगेल.

शेवटच्या दिवशी सकाळपासून आभाळ काळं होतं. चार वाफे राहिले होते. सगळे धावत उपटत होते, नातसुद्धा. मी विळा टोपलीत टाकला आणि बांधावर चढले.

"कुठे निघालात?" सून ओरडली. "थेंब पडतायत!"

"गावात."

मुलाने बघितलं. तो माझ्या ओळीत शिरून माझे कांदे उपटायला लागला.

कचेरीत मी पोहोचले तेव्हा लुगड्याचा काठ चिखलाने भरला होता आणि हातांना कांद्याचा असा वास येत होता की बाकावरचा माणूस सरकून बसला. कारकुनाने मला ओळखलं.

"मावशी, दाखले मिळाले नाहीत?"

"मिळाले. आणखी एक पाहिजे. मृत्यूचा. पोस्टाने नको, हातात द्या. नात उद्या जातेय."

"नाव?"

पोरीसमोर जे नाव तोंडातून निघालं नाही, ते त्या परक्या माणसासमोर निघालं. ऐकायला अगदी साधं होतं. मला वाटलं होतं, काहीतरी पडेल, फुटेल. बाहेर फक्त पाऊस वाढला.

साल मी सांगितलं, महिनाही सांगितला, गावही सांगितलं. इतकी वर्षं तिच्याशी वैर धरलं होतं, मला नाही तर कोणाला माहीत असणार? कारकुनाने आतून वही आणली. पानं पिवळी पडून कडांना कुरतडलेली होती. त्याने बोट फिरवलं, थांबवलं, आणि वही माझ्याकडे वळवली. "हीच का? बघा. वाचता येतं ना?"

मी एकेक अक्षर लावत वाचलं. नाव. नवऱ्याचं नाव, म्हणजे यांचं. कारण, कावीळ. मग वय.

एकोणीस.

मी पुन्हा वाचलं. एक आणि नऊ. माझी नात चोवीस वर्षांची आहे आणि अजून उशीशिवाय झोप लागत नाही तिला. माझ्या डोक्यात थोरली म्हणजे मोठी बाई होती. रुंद, भरदार, कमरेला किल्ल्या लावलेली, मला वरून खाली बघणारी. ही तर पोर होती. पाच महिन्यांचं मूल मांडीवर घेऊन पिवळी पडत गेलेली पोर.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. तो वेगळ्या अंगाने आला. मी इथे पांढरे केस, दुखरे गुडघे, चिखलाचे पाय घेऊन उभी, आणि ती कायमची एकोणीस वर्षांची. आता पोरगी हा कागद वाचणार आणि पहिलं म्हणणार, किती लहान होती गं. मला असं कधी कोणी म्हटलं नाही. मी या घरात आले तेव्हा मीसुद्धा एकवीसच वर्षांची होते.

"अर्ज भरा," कारकून म्हणाला. "की मी भरू?"

"मी भरते."

नाव लिहिलं, गाव लिहिलं, तारीख लिहिली. माझं अक्षर मोठं येतं, एकेका रकान्याच्या भिंतीला टेकतं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. अर्जदाराचे मृताशी नाते.

मी तो रकाना इतका वेळ बघत बसले की कारकुनाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"कोण लागत होती तुमची?"

मी पेनाचं टोक रकान्यावर टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"बहीण लिहा. जुन्या नोंदींना कोणी विचारत नाही. बरेच जण बहीण लिहितात."

"बहीण?" माझा आवाज चढला. बाकावरच्या माणसाने मान वळवली. "माझी? बहीण नाही ती माझी."

"बरं, मैत्रीण?"

"मी तिला पाहिलंही नाही हो कधी."

"मग मावशी, हा दाखला तुम्ही मागता तो कोणत्या नात्याने? काहीतरी लिहावं लागतं. रकाना कोरा ठेवून चालत नाही."

बाहेर पाऊस धो धो पडत होता. माझे चार वाफे उपटून झाले असतील की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी पेन घट्ट धरलं, नेहमीपेक्षा बारीक अक्षर काढलं, आणि दाबून लिहिलं. लिहून झाल्यावर कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने वाचलं. डोळे बारीक करून पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने.

"तिच्या मुलाची आई."

"हो," मी म्हणाले.

"मावशी, असं नातं या रकान्यात बसत नाही."

"बसलंय. बारीक लिहिलंय मी," मी म्हणाले. "तुम्ही शिक्का मारा."